क्लोन मारायचाय पण लाईट जाते: बॅकअप सॉफ्टवेअरात नवीन काय आलंय?

मागावरचा_अण्णा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अशोक चौकाकडं राहतो, चादर-टॉवेलच्या डिझाइनचं काम करतो, म्हणजे कारखानदार फोटो नाहीतर जुनी चादर आणून देतो आणि मी ती कॉम्प्युटरवर ग्राफवर उतरवून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची फाइल करून देतो. २००९ पासूनची सगळी डिझाइनं एकाच पीसीत आहेत. डिस्क १ टीबीची साधी फिरणारी, २०१४ ची. आता आठवडाभर झाला ती मधूनच टिक्क टिक्क करतीय आणि एखादं फोल्डर उघडायला चहा पिऊन येईपर्यंत वेळ घेतीय.

नवी पेठेतून १ टीबी एसएसडी आणली आणि चालू विंडोजमधूनच क्लोन मारायला, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर करायला बसलो. चार तास झाले, ७१ टक्के, आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलीय, माझीच चूक. परत लावलं तर शून्यापासून सुरू. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरनं तर सगळं सेटिंग करून घेतलं आणि शेवटी 'सिस्टिम डिस्क क्लोन करायची तर पैसे भरा' म्हणालं. आधीच सांगायचं ना ओ! मी पूर्वी मॅक्रियम या बॅकअप सॉफ्टवेअरचं फुकटवालं वापरायचो, आता बघतो तर ते बंदच.

तर विचारायचं हे, की नवीन सॉफ्टवेअरात अर्ध्यात थांबलेलं काम पुढं चालू करायची सोय आलीय का? आणि फुकटात काय उरलंय? विंडोज नवीन टाका असं कृपया सांगू नका, डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे पीसीला लावायच्या किल्लीवर चालतं आणि त्याची सीडी कुठं गेली देवाला माहीत.

हुरडा_पार्टी | सोमवार, रात्री १०:२०

यूपीएसची बॅटरी बदल आधी अण्णा 😄

कडक_भाकरी | सोमवार, रात्री १०:३१

क्लोनझिला टाक पेनड्राइव्हवर आणि निवांत झोप. फुकट, मोकळं सोर्स, तैवानच्या सरकारी सेंटरमधली माणसं बनवतात. काळा-निळा स्क्रीन बघून घाबरू नको, तो तसाच दिसतो. माऊस लागतोच म्हणणाऱ्यांसाठी रेस्क्यूझिला आहे, ते क्लोनझिलाच्या इमेज पण उघडतं.

नवीपेठ_हार्डवेअर | सोमवार, रात्री १०:५८

थांब बे भाकरी, झोप बिप नंतर.

अण्णा, डिस्क टिक्क टिक्क करतीय म्हणता आणि तुम्ही तिच्यावरून विंडोज चालू ठेवून चार तास क्लोन मारलात, हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न नंतरचा. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि दोन ओळींचे आकडे इथं टाका, ०५ म्हणजे रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कवरचे खराब म्हणून बदललेले छोटे कप्पे) आणि सी५ म्हणजे करंट पेंडिंग. तेवढं बघून पीसी बंद करा. चेकडिस्क चालवू नका. परत सांगतो, चेकडिस्क चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं म्हणजे तुटत आलेल्या पायावर माणसाला पळायला लावणं.

मागावरचा_अण्णा | सोमवार, रात्री ११:१५

पिवळं 'कॉशन' दाखवतंय. ०५ ला ८ आणि सी५ ला १०. दहाच आहेत म्हणजे फार नाही ना?

नवीपेठ_हार्डवेअर | सोमवार, रात्री ११:२२

ते दहा नाहीत अण्णा, सोळा आहेत. ते सॉफ्टवेअर मूळ सेटिंगला आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाच्या नाही तर सोळाच्या हिशोबात दाखवतं. मेनूत जाऊन रॉ व्हॅल्यू डेसिमल करता येते. दुकानात रोज एक तरी माणूस हाच घोटाळा करून येतो.

सोळा म्हणजे लगेच मेली असं नाही, पण चालू ठेवायच्या लायकीची पण नाही. पेंडिंगचा अर्थ डिस्कला ते सेक्टर वाचता येईनात आणि ती वाट बघतीय. सी५ वाढत गेला की टिक्कटिक्क वाढणार. आता बंद करा, उद्या बोलू.

टॅलीताई | मंगळवार, सकाळी ९:४०

वाचत होते म्हणून लिहिते. आमच्या ऑफिसात रिटर्न भरायच्या दिवसांत रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस शिरला होता. सर्व्हरच्या मागं बॅकअपची डिस्क लावलेली होती, रोज रात्री न चुकता बॅकअप व्हायचा, आम्ही खूश. आणि ती डिस्क कायम लावलेली असल्यामुळं बॅकअपच्या फाइल पण सगळ्या लॉक! महिनाभर पार्ट्यांकडून बिलं परत मागून एंट्र्या केल्या. कोण कसं बोललं ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर आमच्या मुलानं वीमचं फुकटवालं एजंट, म्हणजे बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलं. त्यातली मला आवडलेली एकच गोष्ट सांगते. बॅकअप संपला की ते बाहेरची डिस्क आपोआप इजेक्ट करतं. आणि डिस्क जोडली की बॅकअप आपोआप सुरू होतो. म्हणजे मी संध्याकाळी डिस्क लावते, सकाळी ती सुटलेली असते, काढून कपाटात ठेवते, दुसऱ्या दिवशी दुसरी लावते. दोन डिस्कवर नेलपॉलिशनं 'सम' आणि 'विषम' लिहिलंय 🙂

फोटूवाला_जुळेसोलापूर | मंगळवार, सकाळी १०:०५

ताई नेलपॉलिशची आयडिया चोरतोय.

मी आपलं साधं करतो, लग्नाचे फोटो एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर सिंक. सॉफ्टवेअर बिफ्टवेअर काही नको.

टॅलीताई | मंगळवार, सकाळी १०:११

आणि चुकून एका लग्नाचं फोल्डर डिलीट केलंत की?

फोटूवाला_जुळेसोलापूर | मंगळवार, सकाळी १०:१३

...दुसऱ्या डिस्कवरनं पण जातं. हो. झालंय एकदा. पार्टीला अजून सांगितलेलं नाही की हळदीचे फोटो कमी का आले.

नवीपेठ_हार्डवेअर | मंगळवार, दुपारी १:३०

दुकानात गर्दी होती, आता जेवता जेवता लिहितो, लांबड लागली तर माफ करा.

अण्णांच्या भाषेत सांगायचं तर क्लोन म्हणजे चादरीवरून दुसरी चादर विणून ठेवणं, आणि इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलीत बांधणं, हे डिझाइनची फाइल जपून ठेवण्यासारखं, हवी तेव्हा परत विणा. क्लोन मारलेली डिस्क लगेच मशीनला लावता येते म्हणून माणसाला ती बॅकअप वाटते, पण ती एकाच दिवसाची असते. इमेजच्या आठ तारखा एका डिस्कवर मावतात, कारण पहिली पूर्ण घेतली की पुढच्या वेळी बदललेलंच तेवढं लिहितात.

आता नवीन काय ते. मॅक्रियमचं फुकटवालं बंद झालं हे खरं, त्याचे सुरक्षेचे पॅच १ जानेवारी २०२४ पर्यंतच होते. २०२४ मध्येच त्यांनी रिफ्लेक्ट एक्स आणलं, घरगुती वापराला वर्षाची वर्गणी. त्यात अण्णांना पाहिजे ती गोष्ट आहे, इमेज घेताना मध्येच तुटलं, म्हणजे लाईट गेली, नेटवर्क गेलं, केबल हलली, तर जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. फाइलचा नवा फॉरमॅट त्यासाठीच आणला. स्नॅपड्रॅगनवाल्या एआरएम लॅपटॉपवर पण चालतं, जे आधी नव्हतं.

दुसरी गोष्ट बदलाचा माग ठेवणारा ड्रायव्हर. तो बसवला की डिस्कवर कुठले ब्लॉक बदलले ते चालता चालता टिपून ठेवतो, मग रोजचा बॅकअप पूर्ण डिस्क न चाळता काही मिनिटांत होतो. टॅलीचा डाटा, डिझाइनच्या फाइल, असल्या मशीनला एकदम भारी. ही सोय बऱ्याच सॉफ्टवेअरात पैसेवाल्या आवृत्तीतच मिळते.

तिसरी, घेतलेली इमेज खरोखर सुरू होती का ते बघायची सोय. मॅक्रियममध्ये तिला व्हायबूट म्हणतात, इमेज न उतरवता व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आतला नकली पीसी) म्हणून तिथल्या तिथं चालू करून बघता येते. माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आणि सगळ्यात कमी लोक हीच वापरतात. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक तीन वर्षांचे बॅकअप घेऊन आलं होतं, उघडायला गेलो तर पासवर्ड टाकलेला आणि तो कोणाला आठवेना.

फुकटात अजून हॅस्लिओ आहे, सिस्टिम क्लोन पण करून देतं. किंगस्टन, क्रुशियल, डब्ल्यूडीची एसएसडी घेतली तर अॅक्रोनिसची कंपनीपुरती आवृत्ती फुकट उतरवता येते, फक्त त्या कंपनीची डिस्क जोडलेली पाहिजे. सॅमसंगचं स्वतःचं आहे, ते सॅमसंगवरच क्लोन मारतं.

पण अण्णा, यातलं एकही तुमच्या डिस्कला लावायचं नाही.

मागावरचा_अण्णा | मंगळवार, दुपारी १:४१

अरे देवा. एवढं वाचून शेवटी असं?

नवीपेठ_हार्डवेअर | मंगळवार, दुपारी १:५५

ही सगळी धडधाकट डिस्कसाठी केलेली आहेत ओ. खराब सेक्टर लागला की कोणी एरर देऊन थांबतं, कोणी तिथंच डोकं आपटत बसतं, आणि तेवढ्या वेळात तुमच्या डिस्कचा जीव जातो. आजारी डिस्कला डीडीरेस्क्यू. हे वीसेक वर्षं जुनं आहे, त्याला खिडकी नाही, बटण नाही, पण त्याची पद्धत शहाणी आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं, अडलं की तो भाग सोडून पुढं जातं, आणि वाईट तुकड्यांकडं सगळ्यात शेवटी परत येतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची एक मॅप फाइल लिहीत राहतं. लाईट गेली तर तीच मॅप फाइल देऊन तीच कमांड परत मारायची, ते पुढून चालू होतं. तुम्हाला नवीन म्हणून पाहिजे होतं ना, ते इथं पहिल्यापासून आहे.

कडक_भाकरी | मंगळवार, दुपारी २:०३

पटलं, माघार. क्लोनझिलाला पण रेस्क्यूचा ऑप्शन आहे पण तो अडलेल्या ब्लॉकवरून पुढं ढकलतो तेवढंच, डीडीरेस्क्यूची सर नाही.

अण्णा एक महत्त्वाचं, मॅप फाइल लाइव्ह पेनड्राइव्हच्या डेस्कटॉपवर ठेवू नको. तो डेस्कटॉप रॅममध्ये असतो, लाईट गेली की मॅपपण गेला आणि तू परत शून्यावर. बाहेरच्या डिस्कवर ठेव. आणि ती बाहेरची डिस्क फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

मागावरचा_अण्णा | मंगळवार, दुपारी ३:१०

नवीपेठ भाऊ, दुकानात आणून दिली तर कराल का? मला त्या काळ्या स्क्रीनची भीती वाटते खरं म्हणजे. चुकून उलटं क्लोन केलं तर, नवीन कोऱ्या डिस्कवरनं जुन्यावर?

नवीपेठ_हार्डवेअर | मंगळवार, दुपारी ३:२५

ती भीती बरोबर आहे, असाच घरचा सगळा डाटा पुसून माझ्याकडं आलेले दोघं आहेत. डिस्कचं नाव नाही, मॉडेल आणि सिरियल नंबर लेबलवरनं वाचून स्क्रीनशी जुळवायचा, मगच एंटर. आणा तुम्ही, बसून करू. येताना एसएसडीचं खोकं आणा आणि २ टीबीची बाहेरची डिस्क.

लॅबवाले_सर | मंगळवार, सायंकाळी ६:४५

विषय निघालाच आहे तर आमची रडकथा. होटगी रोडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये ६० पीसी सांभाळतो. एक पीसी व्यवस्थित तयार करायचा, क्लोनझिला सर्व्हरवरनं मल्टिकास्ट करून एकाच वेळी सगळ्यांवर उतरवायचा. एकदाच पाठवलेलं साठ ठिकाणी जातं, त्यामुळं एकाला लागतो साधारण तेवढ्याच वेळात सगळी लॅब तयार. वर्षानुवर्षं असंच, सिसप्रेप (इमेज घेण्याआधी विंडोजची आतली ओळख पुसायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) वगैरे करायचा आम्ही कंटाळा करायचो.

मग झालं काय, की पीसी एकमेकांच्या शेअर फोल्डरला जाईनात. पासवर्ड बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणतंय. दोन दिवस केबल, स्विच, पासवर्ड सगळं पालथं घातलं, शेवटी कारण वेगळंच निघालं. क्लोन मारला की सगळ्या पीसींचा एसआयडी, म्हणजे विंडोजचा आतला ओळख नंबर, एकच राहतो. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी सांगितलं होतं की दोन मशीनचा एसआयडी सारखा असला तरी प्रत्यक्षात बिघडत नाही, आणि तो बदलणारं स्वतःचं न्यूएसआयडी त्यांनी बंद केलं. आम्ही त्याच भरवशावर. आता २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांवर हा एसआयडी तपासायला लागले, सारखा सापडला की एकमेकांकडं लॉगिन नाकारतात. उपाय एकच, मास्टर पीसीवर सिसप्रेप जनरलाइझ मारून मगच इमेज घ्यायची. साठच्या साठ परत केले. पंखा बंद, बाहेर ४२ डिग्री.

कडक_भाकरी | मंगळवार, सायंकाळी ६:५८

सर तुम्हाला गारेगार सोडा माझ्याकडून. सोळा वर्षांनी नियम बदलला म्हणजे काय बे.

हुरडा_पार्टी | मंगळवार, सायंकाळी ७:१०

माझा एक बाळबोध प्रश्न. नवीन लॅपटॉप आहे, विंडोज ११. मी कधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलाच नाही तरी क्लोनझिला म्हणतंय पार्टिशन एन्क्रिप्टेड. भूत आहे का?

लॅबवाले_सर | मंगळवार, सायंकाळी ७:२२

भूत नाही, २४एच२ पासून नवीन टाकलेल्या विंडोजात मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. बाहेरनं बूट केलेल्या सॉफ्टवेअरला आतलं काही दिसत नाही, मग ते रिकामी जागा पण कॉपी करत बसतं, ५१२ जीबीची इमेज जवळजवळ तेवढीच मोठी होते. चालू विंडोजमधून इमेज घेतली तर आतलं वाचता येतं, कारण तिथं कुलूप उघडलेलं असतं. फक्त ती इमेज उतरवली की नवीन डिस्क बिनकुलपाची असते, एन्क्रिप्शन परत चालू करायला विसरू नका. आणि आजच्या आज मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी कीचे ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवा. मोबाइलमध्ये नको, कागदावर.

टॅलीताई | मंगळवार, सायंकाळी ७:३०

आमच्याकडं तो कागद लक्ष्मीपूजनाच्या चोपडीत ठेवलाय. ती चोपडी कोणी हरवत नाही.

नवीपेठ_हार्डवेअर | मंगळवार, रात्री ९:१५

सरांच्या पुढं अजून एक जोडतो. रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे विंडोज उठेना तर ज्यावरून पीसी सुरू करायचा तो. एकदा करून ड्रॉवरमध्ये टाकतो आपण आणि पाच वर्षांनी गरज पडते. सिक्युअर बूटची (पीसी सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर आहे का ते तपासायची सोय) २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून एक्सपायर होतायत, त्याजागी २०२३ ची. ज्या मशीनवर जुनं प्रमाणपत्र रद्द केलेलं आहे तिथं जुन्या विंडोज पीईवर (पेनड्राइव्हवरून चालणारं छोटं विंडोज) केलेला पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू असताना सुरू होणार नाही. तेव्हा आपापल्या सॉफ्टवेअरच्या आत्ताच्या आवृत्तीनं नवीन पेनड्राइव्ह करा आणि एकदा त्यावरून बूट करून बघा. बूट झाल्यावर आतून आपली एनव्हीएमई डिस्क आणि बॅकअपची डिस्क दोन्ही दिसतायत का तेही. इंटेलचं व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क सांभाळायची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर घातल्याशिवाय आतली डिस्कच दिसत नाही, आणि ते कळतं नेमकं गळ्याशी आल्यावर.

अण्णा आज आले होते. कुठवर आलं ते तेच सांगतील.

मागावरचा_अण्णा | मंगळवार, रात्री १०:४०

सांगतो. आधी एक फजिती. एसएसडीचं खोकं बघून भाऊ हसायला लागले, कारण १ टीबी म्हणून मला ९६० जीबी दिलेली. जुनी डिस्क हजार जीबीची, तिची सेक्टरला सेक्टर प्रत ९६० मध्ये मावणारच नाही. दुकानदार भला माणूस, वरचे पैसे घेऊन बदलून दिली. आकडा वाचून घेत जा लोकहो, 'एक टीबीच आहे की' या बोलण्यावर नाही.

मग जुनी डिस्क काढून भाऊंच्या मशीनला लावली, एका बाजूला २ टीबी बाहेरची. डायरेक्ट एसएसडीवर नाही, आधी बाहेरच्या डिस्कवर एक मोठी फाइल करायची असं ते म्हणाले, म्हणजे पुढं काय चुकलं तरी जुन्या डिस्कला परत हात लावायला नको. लेबलवरचा सिरियल नंबर मला मोठ्यानं वाचायला लावला, स्वतः स्क्रीनवर बोट ठेवून जुळवला, मग एंटर. सव्वाचारला सुरू केलं. आकडे पळताना बघून मला मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा पळतो तसं वाटलं. सहा वाजता ६१ टक्के, एकही एरर नाही, मी म्हटलं झालं आता.

सहा वाजून दहाला नवी पेठेतली लाईट गेली 😭

हुरडा_पार्टी | मंगळवार, रात्री १०:४४

नाही!!!

मागावरचा_अण्णा | मंगळवार, रात्री १०:५२

भाऊंचा यूपीएस होता पण जुनी डिस्क लावलेला डॉक (बाहेरून डिस्क जोडायचा स्टँड) वेगळ्या बोर्डावर, तो बंद. भाऊ शांत. दुकानाबाहेर येऊन आम्ही चहा घेतला. पाऊण तासानं लाईट आली, त्यांनी वरचा बाण दाबून तीच कमांड परत मारली आणि काय सांगू, ६१ टक्क्यांवरनंच सुरू. मी त्या दिवशी चार तास बसून ७१ वरनं शून्यावर आलो होतो ते आठवलं.

शेवटचे काही जीबी मात्र रडत रडत. आता रात्रभर ठेवलंय.

नवीपेठ_हार्डवेअर | मंगळवार, रात्री ११:०५

डॉक त्या बोर्डाला कोणी लावला हे मी घरी पोराला विचारलं. तो माझाच हात होता असं निघालं.

फोटूवाला_जुळेसोलापूर | बुधवार, सकाळी ११:२०

काय झालं अण्णा? इकडं मी दोन डिस्क, सम-विषम करून टाकलं. आणि वीम लावलं. पहिला बॅकअप सात तास. कॅमेऱ्याच्या रॉ फाइल दाबल्या जातच नाहीत, उगाच कॉम्प्रेशनवर विश्वास ठेवून छोटी डिस्क घेतली होती.

नवीपेठ_हार्डवेअर | बुधवार, दुपारी १२:४५

नऊ ठिकाणी अडलं, सगळं मिळून ६४ केबी वाचता आलं नाही. १ टीबीतले ६४ केबी. फाइल एसएसडीवर उतरवली, चेकडिस्क आता एसएसडीवर चालवलं, जुनी डिस्क पिशवीत. पीसीला एसएसडी लावली, पहिल्या बूटला जुनी काढूनच ठेवली कारण दोघींची सही, म्हणजे डिस्कचा ओळख नंबर एकच, एकदम लावल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करतं. विंडोज उठलं, डोंगल दिसला, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं. मशीन २०१४ चं म्हणून विंडोज ११ घेत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा या पीसीची नेटची वायर काढून ठेवायला सांगितलीय. फाइल पेनड्राइव्हनं न्या-आणा.

मग ते ६४ केबी कुठल्या फाइलमधले ते शोधलं. डीडीरेस्क्यूत एक गंमत आहे, मॅप फाइल बघून प्रतीतल्या त्या मोकळ्या जागांवर आपल्याला पाहिजे तो शब्द भरता येतो. मी 'बॅडसेक्टर' भरला आणि सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. दोन फाइल सापडल्या. एक विंडोजच्या जुन्या अपडेटची, ती गेली तर गेली. दुसरी अण्णांची.

कडक_भाकरी | बुधवार, दुपारी १२:५१

ही ट्रिक मला माहीत नव्हती. वहीत लिहून घेतली.

टॅलीताई | बुधवार, दुपारी १:१५

दुसरी कुठली?

मागावरचा_अण्णा | बुधवार, रात्री ९:३०

मोर. २०१२ ला केलेली मोराची चादर, अजून दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेआधी तिची ऑर्डर येते. फाइल उघडते पण मधल्या पट्ट्यात पिसाऱ्याच्या जागी नुसता कचरा.

मग आठवलं, हे डिझाइन पहिल्यांदा विणलं तेव्हा त्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड नव्हतं, भोकं पाडलेली कार्डं होती, बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. आज दुपारी गेलो. मालक म्हणाले माग भंगारात गेला पण कार्डं वर माळ्यावर असतील. शिडी लावून चढलो तर दोरीत ओवलेली सगळी माळ तशीच, धूळ आणि कापसाचा भुगा, एका कोपऱ्यात उंदरानं थोडं कुरतडलंय पण ते किनारीकडचं, किनार माझ्या फाइलमध्ये चांगली आहे. पिसाऱ्याच्या पट्ट्याची कार्डं मोजून वेगळी केली, १४०. घरी आणून खिडकीच्या उजेडात एकेक धरतोय, बायको भोकं वाचून सांगते आणि मी ग्राफवर चौकोन भरतो. आतापर्यंत ३२ झाली.

नवीपेठ भाऊ, ती २ टीबीवरची मोठी फाइल पुसू नका एवढ्यात. आणि यूपीएसची बॅटरी कितीला बसते ते सांगा.

नवीपेठ_हार्डवेअर | बुधवार, रात्री ९:४१

नाही पुसत. बॅटरी उद्या घेऊन येतो, मला ती कार्डं बघायचीत.